सिद्दी, गवळी, पारधी वस्त्यांवर संशोधनाला जाण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव-खानापूर पट्ट्यात सिद्दी (आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज), म्हशी पाळणारे गवळी आणि पारधी यांच्या वस्त्यांवर वर्षभर कुणी ना कुणी अभ्यासाला येत असतं. समाजकार्याचे विद्यार्थी, पीएच.डी. करणारे, आरोग्याची सर्वेक्षणं करणारे, जंगलाचा अभ्यास करणारे. वस्तीवर जाण्याआधी त्यांची तयारी करून घेण्याचं काम आम्ही चार-पाच जण करतो. त्यात दोघी जणी वस्तीवरच्याच आहेत. दर तुकडीत तेच प्रश्न निघतात, म्हणून इथं लिहून ठेवतोय. काही प्रश्न वस्तीवरून आलेले आहेत, तेही संशोधकांनी जरूर वाचावेत.

मुलाखत घ्यायला, प्रश्नावली भरायला आम्हाला कॉलेजात शिकवलंय. मग हे वेगळं प्रशिक्षण कशाला?

विचारायचं कसं ते शिकवलंय, हे खरं. पण नकार कसा ऐकायचा, आणि हो म्हणणारा माणूस मनापासून हो म्हणतोय का ते कसं ओळखायचं, याचा तास आम्ही तरी कुठल्या कॉलेजात पाहिलेला नाही.

काही वर्षांपूर्वी जांबोटीच्या पलीकडच्या एका गवळीवाड्यावर मी स्वतः स्टॅम्प पॅड घेऊन बसलो होतो. म्हशींची धार काढून एक आजी समोर येऊन बसल्या. हाताला अजून दुधाचा ओशटपणा होता, त्यामुळे अंगठा कागदावर उठेना. मी त्यांचा अंगठा त्यांच्याच पदराला पुसला आणि पुन्हा दाबला. त्यांनी विचारलं, "पुसतंय कवा हे?" मी म्हटलं, जाईल दोन दिवसांत. आजी म्हणाल्या, "शाई न्हवं रे बाळा. कागुद."

तो कागद कुठल्या कपाटात जाणार, किती वर्षं राहणार, कोण वाचणार, आणि त्यांना नको वाटलं तर फाडायचा कुणी, यातलं एकही उत्तर माझ्याकडे नव्हतं. तरी मी अंगठा घेतला होता. आमचं प्रशिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होतं.

किती दिवसांचं असतं? काय काय करावं लागतं?

दोन दिवस वर्गात आणि चार दिवस वस्तीवर. वस्तीवरच्या चार दिवसांत वही आणि रेकॉर्डर पिशवीबाहेर काढायचा नाही. पाणी आणायला जा, शेण भरायला जा, बसायला घोंगडी टाकली तर बसा, नाही टाकली तर दारात उभे राहून बोला.

वर्गातला एक तास मुलांना फार जड जातो. आमच्यातली एक सिद्दी ताई समोर बसते आणि विद्यार्थ्यांनी आणलेलीच प्रश्नावली उलटी त्यांना विचारते. घरात खाणारी तोंडं किती? वडील दारू पितात का? आईची किती मुलं दगावली? संडासला कुठं जाता? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला पोरं इकडंतिकडं बघायला लागतात. एकदा एका मुलीने "हे सांगायलाच पाहिजे का?" असं विचारलं. ताई म्हणाली, "नको असंल तर नको सांगू की. पर मला कुनी असं म्हनलं नव्हतं." त्यानंतर त्या तुकडीने प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न आपणहून खोडले.

शिकवणाऱ्या वस्तीवरच्या माणसांना आम्ही बाहेरून बोलावलेल्या प्राध्यापकाइतकंच मानधन देतो. यावर घासाघीस करणाऱ्या संस्थांना आम्ही हात जोडतो.

यांना "आदिवासी" म्हणायचं का? गवळी तर अनुसूचित जमातीत नाहीत.

ते स्वतःला जे म्हणतात ते म्हणा. सरकारी यादी हा वेगळा विषय आहे, पण ती नीट माहीत असलीच पाहिजे, कारण एकाच जंगलात शेजारी राहणाऱ्या दोन माणसांचे हक्क तिच्यामुळे वेगळे होतात. सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. म्हणजे हल्याळचा सिद्दी यादीत, आणि सीमेअलीकडे खानापुरात राहणारा त्याचाच मामेभाऊ यादीबाहेर. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा समावेश व्हायला 2020 साल उजाडलं. गवळी धनगरांची मागणी अजून पडून आहे. पारध्यांपैकी हरणशिकारी आणि फासेपारधी कर्नाटकाच्या यादीत आहेत, पण त्यांच्या वाट्याला आलेला इतिहास निराळा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली गेली. मुंबई इलाख्यात हुबळी आणि सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाआड वसाहती होत्या. 1952 मध्ये कायदा गेला. मात्र वही घेऊन आलेला, नावं आणि मुलांची वयं लिहून घेणारा अनोळखी माणूस पारध्याच्या पालावर आजही पोलिसासारखाच दिसतो. तिथं पहिल्या भेटीत नाव लिहायचं नाही, हा आमचा नियम आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी लोकांच्या हक्कांबद्दलच्या 2007 च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण आपल्या देशात सगळेच इथले मूळचे, अशी सरकारची भूमिका राहिली आहे. त्या वादाचा निकाल वस्तीवर जाऊन लावायचा नसतो.

आमच्याकडे एथिक्स कमिटीचं पत्र आहे, वनखात्याची परवानगीही आहे. आणखी काय लागतं?

माणसांची परवानगी लागते. ती या दोन्ही कागदांत नाही.

भीमगड अभयारण्यात अभ्यासाला जायचं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 28 खाली परवाना लागतो. तो जंगलात शिरण्याचा परवाना आहे, कुणाच्या ओसरीवर बसण्याचा नव्हे. एथिक्स कमिटी म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती, तिचं पत्र तुमच्या संस्थेने तुम्हाला दिलेलं असतं. आरोग्याच्या संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आदिवासी समाजावरचं संशोधन त्यांच्या उपयोगाचं असेल तरच करावं, समाजाच्या प्रमुखांची संमती घ्यावी, आणि ती घेतली तरी प्रत्येक माणसाची वेगळी घ्यावी, असं त्यात आहे. हे नीट वाचा. पत्राच्या जावक क्रमांकापलीकडे त्यात काय लिहिलंय ते आम्ही विचारतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. गडचिरोली-नंदुरबारला काम केलेली मंडळी इथं येऊन "पेसाखालची ग्रामसभा" शोधतात. पेसा म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा. कर्नाटकात तसं क्षेत्रच नाही, त्यामुळे तो इथं लागू नाही. 2006 चा वनहक्क कायदा मात्र आहे आणि त्यातली ग्रामसभा आहे. आमचा आग्रह असा की कायदा सक्ती करो न करो, वाड्याची किंवा वस्तीची वेगळी बैठक घ्या. पंचायतीच्या गावातल्या ग्रामसभेत गवळीवाड्याचा आवाज पोचत नाही. कारण साधं आहे: वाडा दोन-तीन कोस आत असतो आणि सभा धारेच्या वेळेला ठेवलेली असते.

प्रमुखाने हो म्हटलं की झालं ना?

नाही. प्रमुखाचं हो म्हणजे फाटक उघडलं. घरात बोलावणं अजून बाकी आहे.

2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचा प्रकल्प झाला. त्यात आश्रमशाळांच्या वसतिगृहांतल्या आदिवासी मुली होत्या. कित्येक फॉर्मवर आईबापांच्या जागी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला. त्या वॉर्डनना कदाचित आपण मुलींचं भलंच करतोय असं वाटलं असेल. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो: तुमच्या अभ्यासात वॉर्डनच्या जागी कोण आहे? शाळेचे मास्तर? आशा ताई? जीपमधून तुम्हाला घेऊन आलेला वनखात्याचा गार्ड? गार्ड शेजारी उभा असताना मिळालेली संमती आम्ही मोजत नाही.

बायकांशी बायकांनी, वेगळं बसून बोलायचं. सुनेची संमती सासूने दिली तर तीही चालत नाही.

संमतीपत्र कन्नडमध्ये असावं की मराठीत?

सीमाभागात हा प्रश्न नुसत्या भाषांतराचा राहत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपण मराठी माणसं हा घाव उरात घेऊन जगतो, मीही जगतो. त्यामुळेच आपल्या हातून एक चूक होते. गवळ्याची बोली मराठी ऐकली की आपण त्याला आपल्या बाजूचा आकडा म्हणून धरतो. समोरची कन्नड माणसं सिद्दींच्या मुलांची कन्नड शाळा बघून त्यांना त्यांच्या बाजूला धरतात. सिद्दींची घरची बोली कोकणी-मराठीच्या जवळची, तिच्यात कन्नड आणि उर्दू मिसळलेली. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. हा माणूस कुणाच्या बाजूचा, हे ठरवण्यासाठी तुमची प्रश्नावली वापरली जाणार असेल तर "मातृभाषा" हा रकाना काढून टाका. खरोखर गरजेचा असेल, तर तो कशासाठी हवा ते आधी समजावून सांगा.

फॉर्म दोन्ही लिप्यांत छापा. कचेरीला कन्नड लागेल, घरातला शिकलेला मुलगा कदाचित मराठी वाचेल, कदाचित कन्नडच. खरी संमती मात्र तोंडी घ्या, त्यांच्या बोलीत, त्यांच्यातल्याच कुणाला बरोबर घेऊन. आम्ही तुकडीला "गोपनीयता", "सहभाग", "लाभार्थी" हे शब्द न वापरता पूर्ण फॉर्म सांगायला लावतो. "तुमी सांगितल्यालं मी तुमच्या नावानं कुनाला सांगनार न्हाई" असं म्हणता आलं की फॉर्म कळला. आणि शेवटी समोरच्याला विचारायचं: मी काय म्हटलं ते तुम्ही मला सांगा बघू. त्यात गडबड झाली तर चूक सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे.

रक्ताचे किंवा लाळेचे नमुने घ्यायचे आहेत. त्यात वेगळं काय?

बोललेलं शब्दांत राहतं. रक्तात नात्यागोत्यातल्या सगळ्यांचं काही ना काही असतं, त्यातल्या कुणी हो म्हटलेलं नसतं.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी 1990 पासून पुढं काही वर्षं एका विद्यापीठाला रक्त दिलं. त्यांना वाटत होतं की मधुमेहाचा अभ्यास चाललाय, कारण मधुमेहाने त्यांची माणसं जात होती. पुढं कळलं की त्याच रक्तावर मानसिक आजाराचे, जवळच्या नात्यांतल्या लग्नांचे आणि पूर्वज कुठून आले याचेही अभ्यास झाले. आपण याच दरीतून आलो ही त्यांची श्रद्धा, आणि कागद सांगत होता की तुम्ही दुसऱ्या खंडातून आलात. 2004 मध्ये ते कोर्टात गेले. 2010 मध्ये विद्यापीठाने 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं.

सिद्दींच्या बाबतीत हे दूरचं उदाहरण नाही. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यामुळे त्यांच्या जनुकांवर अभ्यास होत आले आहेत आणि त्यातून मोलाची माहितीही मिळाली. 1987 मध्ये त्यांच्या मुलांना धावपटू करण्यासाठी खेळ प्राधिकरणाची खास योजना आली, आणि काही वर्षांत बंद पडली. शरीर बघून आलेली माणसं परत गेली की मागं काय उरतं, हे या समाजाने सोसलेलं आहे. नमुना घेणार असाल तर एका अभ्यासासाठी एक संमती, दुसऱ्यासाठी पुन्हा विचारायचं, आणि उरलेला नमुना कधी नष्ट करणार त्याची तारीख लेखी द्यायची.

झाडपाल्याच्या औषधांची माहिती गोळा करायची आहे.

केरळातल्या काणी लोकांची गोष्ट आधी वाचा. 1987 मध्ये अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांबरोबर वाटाड्या म्हणून गेलेली काणी माणसं एक फळ खाऊन न थकता चालत होती. तेच आरोग्यपाचा. त्यावरून औषध झालं, 1995 मध्ये 10 लाख रुपयांना परवाना विकला गेला आणि निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. जगभर त्याचं कौतुक झालं. तरी समाजातल्या काही वैदूंनी विचारलं की ही विद्या आमच्याकडे जपून ठेवलेली होती, दोघा-तिघांनी ती सांगायची कशी? वाटा देणं ही नंतरची गोष्ट. सांगण्याचा अधिकार कुणाचा, हे आधी विचारायचं.

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिला भेटा. बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्थाच आहे, त्यामुळे इथं या विषयावर येणारी माणसं पुष्कळ. म्हशीच्या कासेला काय लावतात हे गवळीण सहज सांगून जाते. सहज सांगितलेलं सहज छापायचं नसतं.

नावं बदलली की ओळख लपते ना?

शहरात लपत असेल. नऊ घरांच्या वाड्यात "साठीच्या, विधवा, दोन मुलगे गोव्याला कामाला" एवढं लिहिलंत की सगळ्या खानापुराला कळतं.

ही चूक माझी आहे, म्हणून लिहितो. एका अहवालात मी गावाचं नाव बदललं, पण नदीपासूनचं अंतर आणि घरांची संख्या तशीच ठेवली. आत कुठल्या माळावर चराई होते तेही त्यात होतं. वर्षभराने त्या वाड्यावर चौकशीला माणसं आली. अहवालावरूनच आली की नाही हे मला सिद्ध करता येणार नाही. पण त्यांच्या हातात असलेला तपशील माझ्याच वाक्यांतला होता. त्या वाड्यावर मी पुन्हा गेलो तेव्हा चहा मिळाला, पण कुणी बोललं नाही.

वनहक्कांच्या बाबतीत तर एक वाक्यसुद्धा महागात पडतं. जो समाज अनुसूचित जमातीत नाही त्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, आपण इथं राहतोय हे दाखवावं लागतं. गवळ्यांचे वाडे चाऱ्यापाण्यासाठी जागा बदलत आले. म्हाताऱ्याने बोलता बोलता "आमी हितं आलो त्येला चाळीस-पन्नास वरसं झाली" म्हटलं, तर ते या जागेबद्दल असतं, या रानाबद्दल नव्हे. तुम्ही ते "1970 नंतर स्थलांतरित" असं छापलंत तर त्याच्या नातवाचा दावा त्या ओळीवर फेटाळला जाऊ शकतो. साल लिहिण्याआधी तीनदा विचारा, आणि वनहक्क समितीतल्या माणसाला दाखवा.

भीमगडमधल्या गावांच्या स्थलांतराची चर्चा चालू आहे. अशा वेळी सर्वेक्षण करावं का?

शक्यतो आत्ता करू नये. "रस्ता नसल्याने त्रास होतो का?" या प्रश्नाला पावसाळ्यात सगळे हो म्हणतात. तेच हो उद्या "लोक गाव सोडायला तयार आहेत" म्हणून मांडलं जाऊ शकतं. करणं भागच असेल तर निष्कर्ष आधी गावाला द्या, नंतर खात्याला.

मुलाखतीचे पैसे द्यायचे का?

बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यायची, सगळ्यांना सारखी, आणि अर्ध्यावर उठून गेलेल्यालाही पूर्ण. कपडे, भांडी, बिस्किटाचे पुडे वाटत फोटो काढायचे नाहीत.

सिद्दींचा डमाम या ढोलावरचा नाच आणि कवंदी यांचं चित्रण करायचं आहे.

नाच पूर्वजांच्या पूजेचा आहे की पाहुण्यांसाठीचा, ते विचारा. पूजेचा असेल तर कॅमेरा खाली. कवंदी म्हणजे आपल्या वाकळेसारखीच जुन्या कापडांची गोधडी. ती शिवणाऱ्या बाईचं नाव तिची हरकत नसेल तर जरूर लिहा. इथं नाव लपवणं हाच अन्याय होतो. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घालून कापडाची फुलं लावतात, आणि ती लावल्याशिवाय कवंदी उघडी राहिली असं मानतात. फुलं लागायच्या आधीचा फोटो मागू नका.

(वस्तीवरून) आमी न्हाई म्हनलं तर रेशन, घरकुल बंद हुतंय काय?

नाही. रेशन, घरकुल, पेन्शन, दवाखाना यांचा अभ्यासाला आलेल्या माणसाशी काही संबंध नाही. तसं कुणी सुचवलं तर त्याला तिथंच थांबवा. हो म्हटल्यावर मध्येच नको म्हणता येतं, कारण सांगावं लागत नाही. मागच्या महिन्यात सांगितलेलंही खोडून घेता येतं. आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागा, त्याच्या वरच्याचा फोन नंबर लिहून ठेवा. तो द्यायला कां कूं करत असेल तर बोलू नका.

काम संपल्यावर वस्तीला परत काय द्यायचं?

2017 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी (तिथल्या मूळनिवासी समाजांनी) 1998 मध्येच सांगितलं की आमच्याबद्दलच्या माहितीची मालकी आणि ताबा आमचा. आमच्याकडे अजून तसा लेखी मसुदा नाही. मात्र एक रीत आम्ही पाळतो: प्रबंध जमा करण्याआधी वस्तीवर जाऊन, त्यांच्या बोलीत, मोठ्याने वाचून दाखवायचा. पावसात आतले रस्ते तुटतात, म्हणून दसरा झाल्यावर जायचं, आणि रात्रीची धार झाल्यावर बसायचं.

मागच्या वाचनाला एक विद्यार्थिनी तीन रात्री वाचत होती. दुसऱ्या रात्री एका काकूंनी तिला थांबवलं. त्यांच्या लेकीबद्दलचा परिच्छेद होता. नाव बदललेलं, मजकूर खरा, त्यांनीच सांगितलेला. "ह्ये काढ बाळा," एवढंच म्हणाल्या. त्या मुलीचं अख्खं तिसरं प्रकरण त्या परिच्छेदावर उभं होतं. तिने कंदिलाजवळ पान धरलं, सगळ्यांसमोर त्यावर आडवी रेघ मारली आणि काकूंना दाखवलं. काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांनी रेघेवरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "हं. आता फुडचं वाच."